दावणीवरची माशी आणि ढेपेवरची बुरशी

गोठा म्हटला की माशी असायचीच, असे आपण धरूनच चाललो आहोत. धार काढताना म्हैस शेपूट फिरवते, आपण तिच्या पाठीवर थाप मारतो, चरवीवर फडके टाकतो आणि काम पुढे चालू. माशीने हगवण पसरते, पटकी पसरते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण हीच माशी बुरशीचे बीही घेऊन फिरते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बुरशीला बी असते का, असे तुम्ही विचाराल. असते. शिळ्या भाकरीवर हिरवी-काळी पूड धरते ना, ती सारी बुरशीची बीजेच. त्यांना बीजाणू म्हणतात. माशीच्या अंगावर आणि पायांवर दाट लव असते, पावलांना चिकट गाद्या असतात. त्यांच्याच जोरावर ती भिंतीवर उलटी चालते. ती भिजलेल्या ढेपेवर किंवा शेणावर बसली, की ही पूड पायांना लागते. शिवाय माशीला चावता येत नाही. घट्ट पदार्थावर ती आधी लाळ ओकते आणि तो पातळ करून शोषून घेते. पोटात गेलेले पुष्कळ बीजाणू विष्ठेतून जिवंतच बाहेर पडतात.

परभणीला कृषीचे शिक्षण घेत असताना आमच्या सरांनी काचेच्या बशीत बटाट्याचा अर्क आणि साखर घालून खळ थिजवली, तिच्यावर एक माशी सोडली, दोन मिनिटांनी हाकलली आणि झाकण घातले. चौथ्या दिवशी माशी चालून गेलेल्या वाटेवर बुरशीचे ठिपके उमटले होते, रांगोळीचे असतात तसे. त्या दिवशी खानावळीत आम्ही कोणी वरण उघडे ठेवले नाही!

माशीच्या अंगावर आढळणाऱ्या बुरशांत अस्परजिलस, पेनिसिलियम, फ्युजारियम ही नावे पुन्हा पुन्हा येतात. त्यांपैकी अस्परजिलस फ्लेव्हस आपण नीट ओळखून घ्यावी. भुईमुगाची पेंड, सरकी पेंड, मका ओलसर राहिला की ती पिवळट हिरवी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरसटलेली शेंगदाणा पेंड खाऊन लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष जगाला कळले. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. जनावर मोठे असेल तर लगेच मरत नाही. खाणे कमी होते, दूध आटते, काविळीसारखे होते. वासरांना त्रास अधिक. आणि या विषाचा काही अंश दुधात उतरतो. दूध उकळले तरी तो जात नाही, आणि ते दूध आपलीच लेकरे पितात.

पण सगळे खापर माशीच्या माथी फोडू नये. बुरशीचे बी वाऱ्यावरही असते, धुळीतही असते. वाऱ्याचा मात्र नेम नाही, कुठेही जाईल. माशी नेमकी ओल्या जागी जाऊन बसते: भिजत घातलेल्या पेंडीवर, शिंगाच्या जखमेवर, चिरलेल्या सडावर, वासराच्या डोळ्याच्या कडेला. बुरशीला हवी तीच जागा.

वासरांच्या गजकर्णाचे तेच. डोळ्यांभोवती, मानेवर पांढरट खपलीचे गोल चट्टे पडतात, केस झडतात. हा रोग मुख्यतः अंगाला अंग लागून, एकाच दाव्याने, एकाच खुंट्याने पसरतो. चट्ट्यावरून उठलेली माशी त्यात आपला हातभार लावू शकते. भोकरदन तालुक्यातल्या एका घरी मी गेलो होतो. आधी कालवडीला चट्टे, मग तिला चारा टाकणाऱ्या सातवीतल्या मुलीच्या हातावर. आजी म्हणाली, उष्णता आहे. दुकानातून आणलेल्या मलमाने खाज चटकन थांबली, म्हणून सारे निश्चिंत. पण अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. ते खाज दाबते आणि खाली नायटा पसरत राहतो. मुलगी बाही ओढून शाळेत जायची. पुढे डॉक्टरांचे औषध दीड महिना घेतले, कालवड वेगळी बांधली, दावी बदलली, तेव्हा घर सुटले. गोठ्याच्या लाकडात हे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून खुंटे आणि गव्हाण खरवडून, धुऊन उन्हात तापू द्यावी.

आता अवघड गोष्ट सांगतो. काळा पडलेला कडबा टाकून द्या, हे सांगणे सोपे आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने चाऱ्यासाठी काय सोसले, ते ज्यांनी पाहिले त्यांना पेंढीपेंढीची किंमत कळते. अशा वेळी एका म्हातारबांनी मला विचारले होते, "साहेब, उपाशी मारू की बुरशीने मारू?" माझे मत असे, की गंजीचा वरचा भिजलेला थर निर्दयपणे बाजूला काढावा, आतला कोरडा कडबा झटकून उन्ह देऊन वापरावा, बुरसटलेली पेंड आणि मका मात्र कोणत्याही जनावराला देऊ नये. उन्हाने बुरशी वाळते, तिने आधी करून ठेवलेले विष जात नाही. पेंड लागेल तेवढीच भिजवावी, झाकून ठेवावी आणि गव्हाणीतले उष्टे रोज काढावे.

माशीचा खरा कारखाना उकिरड्यात असतो. मादी एका खेपेला शंभरावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणून शेण रोज उचलून बंद जागी गेले पाहिजे. पुसदच्या नाडेप काकांनी, म्हणजे नारायण पांढरीपांडे यांनी, सांगितलेले विटांचे टाके शेणमातीने लिंपून घेतले आणि भेगा पडताच पुन्हा लिंपले, तर माशीला अंडी घालायला जागा उरत नाही, खतही उत्तम होते. गोबरगॅस असेल तर प्रश्नच मिटला. मुताची नाली उतरती ठेवावी. नुसत्या फवाऱ्यावर भिस्त ठेवू नये. डीडीटी नवे होते तेव्हाच, १९४६ साली, स्वीडनमध्ये त्याला दाद न देणाऱ्या माश्या सापडल्या होत्या.

गंमत अशी, की माशीलाही बुरशी सोडत नाही. सोयाबीनवर पांढऱ्या-हिरव्या बुरशीने ताठलेल्या अळ्या आपण पाहतो, तसाच माशीचा काळ म्हणजे एंटोमोफ्थोरा. १८५५ मध्ये फर्डिनांड कोन यांनी तिचे वर्णन केले. ती लागलेली माशी मरण्याआधी उंच चढते, सोंडेने चिकटून बसते, पंख वर उचलते आणि तशीच मरते. हवा गार आणि दमट असेल तेव्हा तारेवर, गवताच्या शेंड्यावर अशी पोटावर पांढरे पट्टे असलेली माशी दिसली, तर जरा थांबून पाहा. तिला हात लावून खाली पाडू नका. तिच्या अंगातून सुटणारे बीजाणू दुसऱ्या माश्यांसाठी आहेत.