कोलकात्याला जाताय? आधी तुमचा मासा ठरवा

कोलकात्याला जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते. व्हिक्टोरिया मेमोरियल, कालीघाट, दक्षिणेश्वर, गरियाहाटची साडीखरेदी आणि परतताना रसगुल्ल्यांचा डबा. यादी उत्तमच आहे. पण या शहराची खरी ओळख हवी असेल, तर तिच्यात आणखी एक गोष्ट घाला. चहाच्या एखाद्या बाकावर बसा आणि शेजारच्याला सहज विचारा, "दादा, तुम्ही मोहन बागानचे की ईस्ट बंगालचे?" पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

फुटबॉलमधलं तुम्हाला काही कळत नसलं तरी हरकत नाही. कारण गप्पा फक्त खेळाच्या नसतात. त्यात मासे येतात, सासर-माहेर येतं, जुनी गाणी येतात आणि कोणता खेळाडू कोणाला सोडून कुठे गेला, याचा पन्नास वर्षांचा हिशेब येतो.

हिलसा की कोळंबी?

मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. २९ जुलै १९११ रोजी त्याच्या संघाने आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. एकाचा अपवाद सोडला तर सगळे खेळाडू अनवाणी खेळले होते. तो दिवस आजही 'मोहन बागान दिवस' म्हणून साजरा होतो.

ईस्ट बंगालचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, आणि तो झाला रुसव्यातून. मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. ते न पटल्याने क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि त्यांनी सोबत्यांसह नवा क्लबच काढला. पुढे फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांना या क्लबच्या नावात आपलं हरवलेलं गाव सापडलं.

म्हणून आजही ढोबळमानाने 'घोटी', म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे लोक, मोहन बागानचे; आणि 'बांगाल', म्हणजे पूर्वेकडून आलेले, ईस्ट बंगालचे. एकाचा रंग हिरवा-मरून आणि चिन्ह शिडाची नाव, दुसऱ्याचा लाल-सोनेरी आणि चिन्ह मशाल. मोहन बागान जिंकलं की घरात मोठी कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा. सामन्याच्या दिवशी मासळी बाजारात जाऊन पाहा. कोळीण भाव सांगण्याआधी तुमचा क्लब विचारेल!

आमटीत गूळ घालायचा की नाही, यावरून आपल्याकडे सासू-सुनेत जशी गोड कुरबुर होते, तशीच इथे साखरेवरून होते. "घोटी लोक डाळीतही साखर घालतात," हा बांगालांचा टोमणा. "बांगालांना तिखटाशिवाय चव कळत नाही," हे त्यावरचं उत्तर. आणि कोळंबी हा मुळात मासाच नाही, पाण्यातला किडा आहे, असं ईस्ट बंगालवाल्याने म्हटलं की समजा, आता मैफल रंगणार. घोटी घरात बांगाल सून आली तर सामन्याच्या दिवशी एकाच स्वयंपाकघरात दोन पातेली तयार असतात. कोणतं चुलीवर चढणार, ते नव्वद मिनिटांनी ठरतं.

दलबदल, पण राजकारणातला नव्हे

दलबदल म्हटलं की आपल्याला आमदार आठवतात. कोलकात्यात मात्र हा शब्द फुटबॉलचा आहे. खेळाडूने एक क्लब सोडून दुसऱ्यात जायचं, ते दलबदल.

आज खेळाडूंचे करार एजंटमार्फत होतात आणि बातमी मोबाइलवर येते. पूर्वी ठरावीक दिवसांत खेळाडूला इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या सुतारकिन स्ट्रीटवरच्या कार्यालयात स्वतः जाऊन सही करावी लागे. मग काय, क्लबचे कार्यकर्ते हव्या असलेल्या खेळाडूला आधीच उचलून हॉटेलात किंवा कोणाच्या तरी घरी लपवून ठेवत, म्हणजे दुसऱ्या क्लबचा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचायला नको. सहीच्या दिवशी रस्त्यावर ही गर्दी! लग्नघरातून नवरदेव पळवल्यासारख्या या कथा जुने लोक आजही डोळे मिचकावत सांगतात.

एक उदाहरण बघा. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. त्यातले दोन गोल श्याम थापाचे. प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. पुढच्याच वर्षी बॅनर्जी मोहन बागानचे प्रशिक्षक झाले, १९७७ मध्ये श्याम थापाही तिकडे गेला. १९७८ मध्ये त्याने पाठ जमिनीकडे करून, हवेत झेपावून मारलेला गोल कोलकात्यात आजही सांगितला जातो. आणि तो होता कोणाविरुद्ध? ईस्ट बंगालविरुद्ध.

आता चाहत्यांनी काय करायचं? काल ज्याला खांद्यावर घेतलं, त्याला आज शिव्या द्यायच्या? दिल्या, अगदी मनसोक्त दिल्या. पण वर्षं सरली तशी धार बोथट झाली. १९८० मध्ये ईस्ट बंगालमध्ये आलेला इराणी खेळाडू मजीद बास्कर नंतर मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेला होता. २०१९ मध्ये ईस्ट बंगालच्या शताब्दीसाठी तो कित्येक वर्षांनी कोलकात्यात आला, तेव्हा विमानतळावर चाहत्यांची रीघ लागली. त्यातल्या बऱ्याच जणांचा तर त्याच्या काळात जन्मही झाला नव्हता.

न हलणारे खेळाडूही होते. चुनी गोस्वामी संपूर्ण कारकीर्द मोहन बागानकडूनच खेळले. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे ते कर्णधार. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना मात्र ते वेगळ्या कारणासाठी आठवत असतील. १९७१-७२ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या राहिलेल्या बंगाल संघाचे कर्णधारही तेच होते.

हे प्रकरण अजून थंडावलेलं नाही. २०२४ मध्ये बचावपटू अन्वर अली मोहन बागानहून ईस्ट बंगालमध्ये गेला आणि वाद थेट न्यायालयात पोहोचला. कोलकात्यातल्या काकांनी हात झटकले, "आमच्या वेळी हे काम एका टॅक्सीत व्हायचं!"

गाणीही दोन्ही बाजूंची

या गप्पांत गाणं कुठून येतं, असं वाटेल. पण इथे फुटबॉल आणि संगीत एकाच घरात नांदतात.

मूळचे कुमिल्ल्याचे सचिन देव बर्मन ईस्ट बंगालचे कट्टर चाहते. उत्तर कोलकात्यात जन्मलेले मन्ना डे तितकेच कट्टर मोहन बागानचे. दोघेही मुंबईत स्थायिक झाले, पण क्लब काही बदलले नाहीत. रोव्हर्स चषकासाठी कोलकात्याचे संघ मुंबईत आले की हे दोघे कूपरेज मैदानावर हजर असत आणि एकमेकांची भरपूर फिरकी घेत, असं सांगतात. ज्या माणसाच्या चालीवर गायचं, त्याच्याच संघाच्या पराभवावर हसायचं, ही कसरत मन्नादांना चांगलीच जमत असावी!

बर्मनदांची आणखी एक आठवण बंगालमध्ये घरोघर सांगितली जाते. १९७५ च्या त्या शिल्डच्या वेळी ते मुंबईत अंथरुणाला खिळले होते, कोणाच्या हाकेला ओ देत नव्हते. ईस्ट बंगालने पाच गोलांनी सामना जिंकल्याचं मुलाने, म्हणजे पंचमदांनी, कानाशी सांगितलं आणि त्यांनी क्षणभर डोळे उघडले. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते गेले.

१९७१ मध्ये 'धन्यि मेये' नावाचा बंगाली चित्रपट आला. उत्तमकुमार आणि आपल्या ओळखीच्या जया भादुरी यांचा हा धमाल विनोदी चित्रपट फुटबॉलवरच आहे. त्यातलं मन्ना डेंनी गायलेलं फुटबॉलचं गाणं आजही पाड्यापाड्यांतून वाजतं. संगीत होतं नचिकेता घोष यांचं. मराठी गाण्यांमुळे मन्ना डेंचा आवाज तुमच्या घरचाच आहे. तो बंगालीत इतका खट्याळ होतो, हे एकदा मुलांना जरूर ऐकवा.

चेष्टेची रेघ

पण याच आवाजात फुटबॉलचं दुसरंही एक गाणं आहे, आणि ते ऐकताना कोणी हसत नाही.

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा सामना होता. मैदानात खेळाडूंची जुंपली, ती आग प्रेक्षकांत पसरली, हाणामारी झाली आणि चेंगराचेंगरीत १६ चाहते मरण पावले. घरून सामना बघायला म्हणून निघालेली पोरं परतली नाहीत. या घटनेवरचं गाणं मन्ना डेंनी गायलं आणि त्याला चाल लावली सुपर्णकांती घोष यांनी, म्हणजे नचिकेता घोष यांच्या मुलाने. वडिलांनी फुटबॉलच्या आनंदाला चाल दिली, मुलाने शोकाला. गायक तोच.

तेव्हापासून १६ ऑगस्ट हा दिवस 'फुटबॉलप्रेमी दिवस' म्हणून पाळला जातो. रक्तदान शिबिरं भरतात. रक्ताच्या पिशवीवर क्लबचं नाव नसतं.

याचा अर्थ शहराने चेष्टा सोडली असा नाही. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या ओमोलोला 'ऑम्लेट' आणि सोसोला 'शोशा', म्हणजे काकडी, म्हणून टाकलं होतं. सामन्याला सव्वा लाखाहून जास्त लोक आले. भाईचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. ऑम्लेट कोणी खाल्लं, हे आजही मोहन बागानवाल्याला विचारून बघा!

अडचण होते ती टोमणा खेळावरून माणसाच्या मुळावर जातो तेव्हा. माशावरून, हरलेल्या सामन्यावरून चिमटा चालतो. पण 'तुम्ही कुंपण ओलांडून आलेले' असं कोणी म्हटलं, तर ज्याच्या आजीने खरंच एका बोचक्यानिशी गाव सोडलं, त्याला हसू येत नाही. ही रेघ कुठे लिहिलेली नाही. घरातली मोठी माणसं ती मुलांना शिकवतात, कधी डोळे वटारून, कधी ते दुसरं गाणं ऐकवून.

ही शिकवण वाया गेली नाही, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली. शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टचा ड्युरँड चषकातला दोन्ही संघांचा सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाला. तरीही दोन्ही क्लबचे चाहते सॉल्टलेक स्टेडियमबाहेर जमले, मोहमेडनचेही आले, आणि सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्या खाताना लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून झेंडे शेजारी शेजारी होते. जन्मभर एकमेकांची खेचणारी माणसं एका परक्या लेकीसाठी एकत्र उभी राहिली.

तुम्ही कधी, कुठे जाल?

• एप्रिलच्या मध्यावर, बंगाली नववर्षाला, मैदानावरच्या क्लबांत 'बार पूजा' होते. गोलपोस्टच्या खांबाची चक्क फुलं वाहून पूजा! मुलांना ही गंमत फार आवडते.

• कोलकाता लीग पावसाळ्यात रंगते, ड्युरँड चषकही त्याच सुमारास असतो. छत्री आणि कपड्यांचा जास्तीचा जोड ठेवा.

• मोठे सामने सॉल्टलेक स्टेडियमवर होतात. तिथे सुमारे ६८,००० लोक बसतात. हावड्याहून मेट्रोची ग्रीन लाइन थेट सॉल्टलेक स्टेडियम स्थानकात सोडते. मुलं सोबत असतील तर तासभर आधी पोहोचा आणि निघताना गर्दी ओसरू द्या.

• सामना नसला तरी एस्प्लनेडहून चालत मैदानावर जा. क्लबांच्या कचेऱ्यांना इथे 'तांबू', म्हणजे तंबू म्हणतात. तिथल्या कँटीनचा चिकन स्ट्यू आणि टोस्ट चुकवू नका. शाकाहारींसाठी वाटाण्याची घुगनी आणि मातीच्या भांड्यातला चहा आहेच.

• कपडे जपून निवडा. लाल-पिवळी साडी किंवा हिरवा-मरून कुर्ता घातलात, तर तुमचा पक्ष ठरलाच म्हणून समजा.

आणि कोणी विचारलंच, "तुम्ही कोणाचे?" तर घाबरू नका. "आधी दोन्ही मासे खाऊन बघते, मग सांगते," असं उत्तर द्या. समोरचा हसेल, बाकावर सरकून जागा देईल आणि चहा सांगेल. मात्र लक्षात ठेवा, एकदा मासा निवडलात की दलबदलाची मुभा नाही. ती फक्त खेळाडूंना असते.