वळिवडे : देश हरवलेल्यांचे गाव

नकाशावर रेषा ओढणाऱ्याला त्या रेषेवर राहणाऱ्यांची घरे क्वचितच दिसतात. आमच्या खानदेशातील रेषा त्यामानाने मायाळू म्हणायची. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा नवापूरचे रेल्वेस्थानक दोन्ही राज्यांत विभागले गेले. एकाच फलाटावर चालता चालता प्रवासी राज्य ओलांडतो. देवपूरहून त्या बाजूला जाताना मला आजवर कोणी अडविलेले नाही.

सर्वच सीमा अशा नसतात, हे सेमिनरीतील अभ्यासाच्या वर्षांत उमगले. पोपपदी तेव्हा जॉन पॉल दुसरे होते आणि त्यांच्यामुळे पोलंडचा इतिहास आम्ही कुतूहलाने वाचीत असू. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षे हा देश नकाशावरून पुसला गेला होता. त्याच्या पूर्व सीमेवरील गावांत पोलिश, युक्रेनियन, बेलारूसी आणि ज्यू शेजारी शेजारी राहत. एकाच बाजारात चार भाषा कानी पडत. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य तेथे शिरले. पुढे लक्षावधी माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात धाडण्यात आले.

१९४१ च्या जुलैमधील करारानंतर त्यांतील अनेकांची सुटका झाली. १९४२ मध्ये ते इराणला पोहोचले आणि १९४३ मध्ये त्यांच्यापैकी काहींसाठी कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे वसाहत उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे तेथे राहिली. बहुतांश स्त्रिया व मुले. बराकींच्या रांगांत त्यांनी आपले गावच पुन्हा मांडले : प्रार्थनामंदिर, इस्पितळ, नाट्यगृह, स्काऊट पथके आणि शाळा. उद्याचा भरवसा नसताना मुलांच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. या गावाचा स्वभाव मला त्यातच दिसतो.

१९४५ मध्ये युद्ध संपले, परंतु त्यांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. माणसे जागची हलली नसती, तरी देश त्यांच्या पायांखालून सरकलाच असता. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलिया वा कॅनडाला गेले. काहीजण कोल्हापूरच्या दफनभूमीतच विसावले. आणि त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. एका सीमेने उठविलेल्यांची जागा दुसऱ्या सीमेने उठविलेल्यांनी घेतली आणि कोल्हापूरच्या मातीने दोघांनाही आपले म्हटले.

वाचकहो, हा अभिमान मिरविताना मन मात्र अस्वस्थ होते. धुळे-नंदुरबारच्या डोंगराळ भागातील आदिवासी कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी तीच मायाळू रेषा ओलांडून दक्षिण गुजरातेत जातात. शेताच्या कडेला आडोसा उभारून राहतात. त्यांची मुले बरोबर जातात; शाळा मागे राहते. देश हरवलेल्या मुलांसाठी वळिवड्यात वर्ग भरत होते. देश असलेल्या आपल्या मुलांच्या पाटीवरील अक्षरे मात्र दर हिवाळ्यात पुसली जातात. पाहुण्यांसाठी आपल्या मातीने जे केले, ते घरच्यांसाठी करणे आपल्याला अवघड का जावे?