मोडलेले हाड आणि आठवड्याची गोळी

आमच्या पांढुर्ण्यात हाड मोडण्याचे कुणाला नवल वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते; पलीकडून सावरगाव, अलीकडून आम्ही. त्या दगडांनी मोडलेली तरुण हाडे बहुधा सांधतात. पण सौंसरला माझी आत्या अंगणात नुसती पाय घसरून पडली आणि मनगट मोडले. ऑस्टिओपोरोसिसने हाडेच ठिसूळ झालेली.

त्यासाठी ती वर्षभर ॲलेंड्रोनेटची गोळी घेत होती. आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, पेलाभर पाण्याबरोबर; नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. (ही शिस्त ती एकादशीसारखी पाळी.) प्लास्टर चढताच घरात वाद पेटला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “गोळी बंद करा, नाहीतर हाड जुळणार नाही.”

शंका अगदीच खुळी नव्हती. हाड म्हणजे लाकडी खांब नव्हे; जुने हाड खाणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी त्यात सतत राबत असतात. ही गोळी खाणाऱ्या पेशींना आवरते. हाड जुळताना आधी मोडीभोवती कच्च्या हाडाची गाठ धरते. मग याच पेशी तिला कोरून आकार देतात. गोळीने हे कोरकाम मंदावते. प्राण्यांवरील प्रयोगांत गाठ मोठी आणि जास्त काळ राहिलेली दिसली. पण जुळणे थांबत नाही. माणसांवरील चाचण्यांतही लक्षणीय उशीर आढळला नाही. उलट, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत याच जातीचे झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून दिलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे खरी भीती दुसऱ्या मोडीची!

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवली. फक्त विचारले, “मांडी दुखते का?” वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या थोड्या जणांचे मांडीचे हाड विशेष मार न लागताही आडवे मोडते. ते जुळायला हट्टी असते आणि तेव्हा मात्र गोळी थांबवतात. म्हणून काही वर्षांनी फेरविचार करायचाच. आत्याची मांडी दुखत नव्हती. गुडघे दुखत होते, ते तिने सविस्तर सांगितले.

दीड महिन्याने प्लास्टर निघाले. मनगट किंचित वाकडे आहे, पण भाकरी थापता येते. काकू अजून म्हणतात, गोळी बंद केली असती तर सरळ जुळले असते.