खरवईचे ट्रान्सपोर्टर

'द ट्रान्सपोर्टर' (२००२) पाहिलाय ना? गुंडांचा माल पोचवणाऱ्या जेसन स्टॅथमचा फेमस रूल म्हणजे पार्सल उघडायचं नाही! बदलापूर ईस्टला उतरून रिक्षाने खरवई एमआयडीसीत गेले, तर तिथल्या केमिकल टँकरचा रूल नेमका उलटा. आत काय आहे याचा लेखी कागद ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हवाच. बाहेर पाटीवर केमिकलचं नाव, यूएन नंबर, इमर्जन्सी फोन. कशाला एवढं? २०१४ मध्ये जवळच्याच उल्हासनगरात एका टँकरने वालधुनी नदीत गुपचूप केमिकल सोडलं आणि शेकडो लोकांना गॅसचा त्रास झाला. ना चेस, ना स्टंट, फक्त एक उघडलेला व्हॉल्व्ह. म्हणून खरवईला गेलात, तर आधी टँकरवरची पाटी वाचा.