पाने पुसली की पुसले?

'ठेकेदाराने मजुरांच्या तोंडाला पाने पुसली.' हे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि खाली त्याची तीन बिघडलेली रूपे मांडतो. एकात 'मजुरांना तोंडाला पाने पुसली', दुसऱ्यात 'मजुरांच्या तोंडावर पाने पुसली', तिसऱ्यात 'मजुरांच्या तोंडाला पाने पुसले'. धुळ्याच्या देवपुरात पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असल्या परीक्षांच्या मुलांना मी मराठी व्याकरण शिकवतो. शनिवार-रविवारी पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला जाऊन तेच करतो. दोन्ही गावांत पहिल्या दोन रूपांना फारसे कोणी फसत नाही. तिसऱ्यावर मात्र बरीच मुले घसरतात.

त्याला कारण आहे. आपल्याकडे 'पोरं आले', 'पानं गळले' असेच बोलतात. 'पोरं आली' म्हटले की मुली आल्या असे वाटते. त्यामुळे 'पाने पुसले' हे कानाला खटकतच नाही. इथे कानाला बाजूला ठेवून प्रयोग बघावा लागतो. कर्त्याला 'ने' लागला आहे आणि कर्माला प्रत्यय नाही, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाणार. कर्म 'पाने', नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणून 'पुसली'. उलट 'तोंडाला' की 'तोंडावर' याला नियम नाही. तोंडाला पाने पुसतात, कानाला खडा लावतात, अंगाचा तिळपापड होतो. का, असे विचारायचे नाही. वाक्प्रचार प्रत्ययासकट गोठलेला असतो, तो तसाच्या तसा उचलायचा. म्हणजे एकाच वाक्यात एक भाग पाठांतराचा आणि एक भाग नियमाचा. मुले नेमकी उलटी वागतात. वाक्प्रचाराला तर्क लावत बसतात आणि क्रियापद अंदाजाने ठोकतात.

साक्री-शिंदखेड्याकडची पोरे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात, "सर, आमच्या घरी अहिराणी, म्हणून व्याकरण कच्चं." मला हे पटत नाही. अहिराणीत 'मी करस, तू करस, तो करस, ती करस' असे एकच रूप चालते, 'मला'ला 'माले' म्हणतात, 'घरात'ला 'घरमा'. पण उत्तरपत्रिकेत 'घरमा' लिहिणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. दोन बोलींतले अंतर त्याला पक्के ठाऊक असते. 'पोरं आले'सारखी दोन-चार ठिकाणे सोडली, तर बोलीने त्याचे नुकसान केलेले नाही. उलट वाक्याचा तोल त्याने घरातच ऐकलेला असतो. असतील शिते तर जमतील भुते. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी. जशी करणी तशी भरणी. दोन्ही पारड्यांत सारख्या घडणीचे शब्द, हीच समांतर रचना. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकात आली, ती उघडून कोणत्याही दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. वाक्याचा तोल शिकायला शाळा लागतेच असे नाही.

वाक्ये बिघडतात ती कचेरीत आणि बातमीत. 'दुरुस्तीचे काम करण्यात येणार असून नागरिकांनी पाणी जपून वापरावे.' एका बाजूला माहिती, दुसऱ्या बाजूला विनंती, आणि मध्ये 'असून' नावाचा डिंक. 'दुरुस्तीचे काम होणार आहे, म्हणून पाणी जपून वापरावे' एवढे पुरे होते. किंवा हे पाहा: 'पोलिसांनी चोराला केवळ पकडलेच नाही तर मुद्देमालही जप्त केला.' घाईत वाचले तर चोर सुटला असे वाटते. मराठीची स्वतःची सोय किती साधी आहे: 'पोलिसांनी चोराला तर पकडलेच, शिवाय मुद्देमालही जप्त केला.' पेपर काढणारे अशी वाक्ये अचूक हेरतात. मुले रोज तीच वाचून सरावलेली असतात, म्हणून अडकतात.

समांतर रचना आणि वाक्प्रचार एकत्र आले की खरी गंमत. 'शिक्षकांवर विश्वास व आदर ठेवा.' वर्गातल्या भिंतीवर शोभेल असे वाक्य. पण विश्वास कोणावर तरी ठेवतात आणि आदर कोणाचा तरी करतात. दोन नामांना एकच प्रत्यय आणि एकच क्रियापद वाटून दिले आणि आदराची पंचाईत झाली. 'शिक्षकांवर विश्वास ठेवा आणि त्यांचा आदर करा.' दोन शब्द वाढले तरी चालतील. तपासायची रीत अशी: 'व', 'आणि', 'किंवा' दिसले की बोट ठेवायचे, डावीकडचा तुकडा झाकून उजवीकडचा एकटाच वाचायचा. 'शिक्षकांवर आदर ठेवा' लगेच लंगडते. 'त्याला वाचायला, लिहिणे आणि पोहायला आवडते' यात तिन्ही रूपे शेजारी ठेवली की 'लिहिणे' उघडे पडते. 'जरी' दिसला की 'तरी' शोधायचा. तिथे 'तर' किंवा 'पण' बसलेला असेल तर तो पर्याय खोडून पुढे जायचे. पोलीस भरतीत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि त्यांत अंकगणितही असते. व्याकरणावर रेंगाळायला वेळ नाही.

इंग्रजीच्या पेपरात हीच मुले दुसऱ्या कारणाने चुकतात. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे नको असलेला 'अबाऊट' आपोआप येतो. आपल्याला चहापेक्षा कॉफी आवडते, म्हणून 'प्रीफर'पुढे 'दॅन' येतो. तिथे 'टू' हवा. हे दोष अहिराणीचे नव्हेत, मराठीचे. पुण्याचा मुलगाही ते करतो. हे सांगितले की वर्गाला फार बरे वाटते.

सगळ्यांत वादाचा प्रश्न मी शेवटच्या तासाला ठेवतो. 'त्याने दार उघडले आणि आत आला.' चूक की बरोबर? 'उघडले'ला कर्ता 'त्याने' हवा, 'आला'ला 'तो' हवा. दुसऱ्या तुकड्यातला 'तो' गाळला आहे आणि पहिल्यातला 'त्याने' तिथे बसत नाही. मराठीच्या प्रयोगव्यवस्थेमुळे तोल मोडण्याची ही जागा इंग्रजीत नाहीच, म्हणून इंग्रजी पुस्तकावरून उचललेल्या युक्त्या इथे चालत नाहीत. बोलताना आपण सगळेच असे बोलतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे व्याकरण पचवलेला परीक्षक ते सोडणार नाही. 'दार उघडून तो आत आला' हा पर्याय असेल तर डोळे मिटून तो घ्यावा. मात्र 'ऊन' लावताना दोन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे ना, हे बघायचे. 'मी स्टेशनवर पोहोचून गाडी निघून गेली' असे झाले, तर पोहोचणारा वेगळा आणि निघणारी वेगळी. तिथे 'पोहोचेपर्यंत' हवे.

आयोगाची पहिली उत्तरतालिका आली की असल्या वाक्यांवर हरकती जातात. मुले वाळंब्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाचे पान दाखवायला माझ्याकडे येतात. कधी तालिका बदलते, कधी प्रश्नच रद्द होतो. 'त्याने दार उघडले आणि आत आला' सोडून बाकीचे तिन्ही पर्याय त्याहून वाईट असतील, तर मी मुलांना तेच निवडायला सांगतो. दामल्यांना ते आवडले नसते.