हिरड्याचा काळा रंग

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, आंबे-हातवीजपासून आहुपे-भीमाशंकरपर्यंत पसरलेल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, हिरडा हे महादेव कोळी कुटुंबांच्या उन्हाळी कमाईचे मोठे साधन आहे. कोवळेपणीच उतरवून वाळवलेल्या फळाला बाळहिरडा म्हणतात. ज्या बदलात पदार्थाचे रूप किंवा अवस्था पालटते पण रेणू तेच राहतात तो भौतिक, आणि ज्यात रेणूच मोडून वा जुळून नवा पदार्थ तयार होतो तो रासायनिक, हे शाळेत सर्वच शिकतात. हिरडा हाताळणाऱ्याला मात्र हे दोन्ही बदल एकमेकांत मिसळलेले भेटतात आणि ते ओळखण्यावरच त्याचे कौशल्य अवलंबून असते.

उन्हात पसरलेले हिरवे फळ पाणी गमावते, आक्रसते आणि सुरकुतते. पाण्याची वाफ होणे हा भौतिक बदल झाला. त्याच वेळी फळ काळे पडू लागते, कारण त्यातील फिनॉल वर्गाची संयुगे हवेतील ऑक्सिजनशी जुळतात. वाळलेला हिरडा रात्रभर पाण्यात ठेवला तर फुगतो, परंतु पुन्हा हिरवा होत नाही. गेलेले पाणी परत येते, पालटलेले रेणू परतत नाहीत.

वाळवणीच्या दिवसांत वळीव येऊन माल भिजला तर तिसराच बदल सुरू होतो. ओलसर हिरड्यावर बुरशी धरते आणि काही बुरशींमधील टॅनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हिरड्यातील टॅनिन तोडून त्याचे गॅलिक आम्ल बनवते. टॅनिन म्हणजे वनस्पतींमधील तुरट संयुगे, जी प्रथिनांना आणि धातूंना धरून ठेवतात. चामडे कमावताना कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाला तीच बांधून ठेवतात, म्हणून कमावलेले कातडे सहजासहजी कुजत नाही. ढगाळ दिवशी माल राखण्याची जी धांदल उडते ती या टॅनिनसाठीच असते.

रंगाईत हाच क्रम अधिक स्पष्ट दिसतो. कुटलेला हिरडा पाण्यात भिजवला की टॅनिन पाण्यात उतरते. हे विरघळणे असल्यामुळे काढा पातळ झाला तर आटवता येतो आणि घट्ट झाला तर पाणी घालता येते. त्यात बुडवून वाळवलेले सुती कापड फिकट पिवळसर दिसते. हेच कापड हिराकशीच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, फिकट हिरव्या पाण्यात घातले की क्षणात करडे होते. बाहेर काढून हवेत पसरले की कडांपासून गडद होत जाते, कारण ऑक्सिजनमुळे लोहाचे फेरस रूप फेरिक होते आणि टॅनिनशी जुळून पाण्यात न विरघळणारे काळे संयुग धाग्यातच तयार होते. हिराकस जास्त झाली तर लोह आणि आम्ल मिळून सुताचा कस कमी करतात, आणि ती चूक धुऊन काढता येत नाही.

जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. कागदावरच्या शाईतही हाच भेद आढळतो. काजळी आणि डिंक घोटून केलेली शाई हे केवळ मिश्रण असते. तिचे कण कागदाच्या पृष्ठभागावर राहतात आणि ओल लागली तर पसरतात. टॅनिन आणि हिराकशीची शाई कागदाच्या तंतूंत शिरून तिथेच काळी होते, म्हणून ती पक्की ठरते. परंतु तिच्यातील आम्ल कालांतराने अक्षरांखालचा कागदही खाऊ शकते.

म्हणून या कामातील शिस्त एका तत्त्वावर उभी आहे: जे सुधारता येते ते आधी आणि पुरेसा वेळ देऊन करावे, आणि जे परतवता येत नाही ते शेवटी, मोजून करावे. वाळवणे, कुटणे, भिजवणे आणि गाळणे यांत घाई केली की तिची किंमत लोहाच्या पाण्यात मोजावी लागते. या डोंगरातून हिरडा बहुतांशी वाळवलेल्या रूपातच बाजारात जातो. त्यापासून रंग, चामडे आणि औषध होते ते दुसरीकडे, आणि मोल वाढते तेही तिकडेच. फळ वेचणारे हात ऊन, ओल आणि काळेपणा यांचा अर्थ आधीपासूनच जाणतात. त्या जाणतेपणाला काढ्याचे पातेले आणि हिराकशीचे माप यांची जोड गावातच मिळाली, तर पुढच्या बदलाचे मोलही त्याच हातांना मिळेल.