तासाला किती चढायलीय?

गोदावरीकाठी राहायला आल्यावर पुराचे आकडे समजून घ्यायचं मनावर घेतलं आणि पहिल्याच आकड्याला अडखळले. केंद्रीय जल आयोगाच्या गंगाखेड केंद्रावर पातळी साडेतीनशे मीटरच्या वर! एवढं खोल पाणी असतं तर परभणी जिल्हा नकाशावर उरला असता का? विचारपूस केल्यावर उलगडा झाला. हे मोजमाप नदीच्या तळापासूनचं नव्हे, समुद्रसपाटीपासूनचं.

मग मोजपट्ट्या पाहायला गेले. एकच उंच खांब असेल असं वाटलं होतं. पाहते तर काठाच्या उतारावर एकाखाली एक खांब. वरच्या खांबाचा शेवट आणि खालच्याची सुरुवात जुळलेली, म्हणजे पाणी कितीही चढो-उतरो, वाचन तुटत नाही. पांढऱ्यावर काळ्या सेंटिमीटरच्या रेघा, त्यांत अडकलेल्या पऱ्हाट्या. लाटेनं पाणी पट्टीवर वरखाली होत होतं. आकडा कोणता धरायचा? दोन्हींच्या मधला.

बातम्यांत मात्र मीटर नाही, क्युसेक! सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त पाणी म्हणजे एक क्युसेक. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस जायकवाडीतून ३ लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला. त्याचे आमच्या काठाला मीटर किती? सरळ गुणाकार नाहीच. पात्र कुठे रुंद, कुठे अरुंद. शिवाय वाटेत माजलगावकडून सिंदफणा येऊन मिळते.

माझी वही पाहून शेजारचे मामा म्हणाले, "नुसता आकडा काय बघायलात मॅडम? गंगा तासाला किती चढायलीय ते बघा." गंगा म्हणजे आमची गोदावरीच.

आणखी एक कोडं त्यांनीच सोडवलं. आमच्या वस्तीत पाणी नदीच्या बाजूनं येतच नाही. गंगा फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे तुंबतं आणि पाठीमागच्या शिवारातून चढतं. केंद्रावर धोक्याची पातळी गाठायच्या आतच आमचा ओढ्यावरचा पूल बुडू शकतो.

म्हणून मामांनी पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटनं खुणा केल्यात. वहीत आता दोन रकाने आहेत: गंगाखेडची पातळी आणि पुलावरची खूण. काही पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की आमच्या वस्तीची धोक्याची पातळी आमची आम्हाला ठरवता येईल. तोवर मामांचा नियम चालतो: गंगा तासागणिक चढायला लागली की गुरं आधी वर न्यायची, हिशेब मागून.